बाकड्याच्या पाठीवरचं नाव

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी लोकांना चालत स्मारकं दाखवते. स्मारक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, समाधी येते, घोड्यावरचा पुतळा येतो. आमच्या फेरीत तसलं फारसं नसतं. बारामतीत आम्ही एसटी स्टँडपासून निघतो आणि मार्केट यार्डाच्या बाजूला जातो. वाटेत चौकातल्या कोनशिला, कुणाच्या तरी नावाच्या पाणपोया, शाळांच्या व्हरांड्यातल्या संगमरवरी पाट्या बघतो. पाटीवर कुणाचं नाव आहे, ते कुणी घातलं, आणि ज्याच्या खटपटीमुळे ती वस्तू उभी राहिली त्याचं नाव तिथे आहे का, एवढंच विचारायचं. मी तयारी करून जाते, पण खरी माहिती बऱ्याचदा शेजारच्या पानटपरीवरच मिळते. "उद्घाटनाला आले त्यांचं नाव हाय की," एक टपरीवाले म्हणाले होते, "पाण्याचा नळ ज्यानं भांडून आणला त्यो ह्यो काय, चहा पितोय." नळ आणणारा माणूस लाजून कपात बघत होता.

ही कल्पना माझी नाही. मला कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सरांची आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. सणसरहून एसटीने बारामतीला यायचं, तास झाले की परत जायचं, असं माझं शिक्षण झालं. ऊसतोडीच्या धांदलीतही वडिलांनी मला कधी कॉलेज बुडवायला लावलं नाही, आणि मला विकत घेणं जमणार नाही ती पुस्तकं सर स्वतःच्या नावावर काढून देत. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते ती या दोघांमुळे. निवृत्त झाल्यावर सर मला म्हणाले, "वर्गात शिकवतेस ते चांगलं आहे. पण गावातले दगड वाचायला कुणी शिकवत नाही. ते कर." मी करू लागले. पहिल्या फेरीला सर, मी आणि सरांचे एक निवृत्त तलाठी मित्र, एवढेच होतो. हळूहळू लोक वाढले. बँकेतले, कॉलेजातली मुलं, काही शिक्षिका. निवृत्त तलाठीकाका मात्र एकही फेरी चुकवत नाहीत. आपण सगळ्या सातबाऱ्यांचे जावई आहोत, अशा थाटात ते चालतात.

मागच्या हिवाळ्यात सगळ्यांनी आग्रह धरला की एखादी फेरी गावाकडे काढा. मी माझं गाव निवडलं. सणसरला दाखवायला काय आहे, असं माझ्या आईलाच वाटत होतं. "हितं काय बघायचंय? ऊस?" ती म्हणाली. पण मला बाकडी दाखवायची होती.

आमच्याकडे माणूस गेला की वर्षश्राद्धाला घरचे लोक गावाला काहीतरी देतात. देवळाला पंखा, शाळेला घड्याळ, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे सिमेंटचं बाकडं. बाकड्याच्या पाठीच्या फळीवर 'यांच्या स्मरणार्थ' असं रंगीत अक्षरांत लिहून घेतात. एसटी थांब्यावर, पारावर, सोसायटीच्या दारात, स्मशानभूमीत अशी बाकडी ओळीने आहेत. बाहेरच्या माणसाला ती सारखीच दिसतात. गावातल्या माणसाला नाही. भावकीचं भांडण असलेला माणूस एसटीची वाट बघत तासभर उभा राहील, पण चुलत्याच्या नावाच्या बाकड्यावर टेकणार नाही. कुणाच्या वडिलांचं बाकडं सावलीत आलं आणि कुणाचं उन्हात, यावरून ग्रामसभेत आवाज चढलेले मी ऐकले आहेत. मी लोकांना हे सगळं सांगणार होते आणि शेवटी चाचांच्या बाकड्यापाशी थांबणार होते.

चाचा आमच्या गावात पाण्याच्या मोटरी दुरुस्त करत. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली त्यांचं छोटं दुकान. मोटर जळाली की तांब्याची तार नव्याने भरून द्यायची, हे त्यांचं काम. आता ते काम त्यांची थोरली मुलगी करते. तिला आम्ही आपा म्हणतो. सुरुवातीला लोक म्हणायचे, बाईमाणसाच्या हातनं भरलेली मोटर पाणी उचलंल का? आता तेच लोक मोटर घेऊन रांगेत बसतात.

चाचांचे जिवलग म्हणजे आबा. आबा ऊसवाले शेतकरी, चाचांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे. कालव्याच्या पाण्याची पाळी आली आणि मोटर बंद पडली की आबा चाचांना मोटरसायकलवर घालून शेतात न्यायचे, आणि काम झाल्यावर सोडायचेच नाहीत. जेवून, गप्पा मारून, एकमेकांना शिव्या घालून मगच चाचा घरी. ईदेला आबांच्या घरी डबा यायचा आणि दिवाळीला चाचांच्या घरी फराळ जायचा. यात आमच्या गावात नवल काही नाही. नवल पुढे झालं. या फेरीच्या दोन वर्षं आधी, चाचांना जाऊन वर्ष झालं तेव्हा, आबांनी त्यांच्या नावाचं बाकडं आणलं. स्वतःच्या सख्ख्या भावाच्या नावाने त्यांनी देवळाला पंखा दिला होता. बाकडं चाचांना.

तेही उगाच उरकून टाकलं नव्हतं. बाकडी बनवणाऱ्याकडे 'कै.' हे अक्षर साच्यातच तयार असतं. आबांनी ते चालू दिलं नाही. "त्यांच्यात मर्हूम लिवत्यात," असं सांगून वेगळं करून घेतलं. घरच्यांखेरीज गावात कुणालाच चाचांचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. जन्मभर ते चाचाच. तेव्हा आबांनी पुण्यात नोकरीला असलेल्या चाचांच्या मुलाला फोन लावला, आधार कार्डावर असेल तसं नाव वाचून दाखव म्हणाले, आणि कशाला पाहिजे ते सांगितलं नाही. चाचांच्या दुकानासमोर बाकडं बसलं त्या दिवशी नारळ न फोडता बारामतीच्या बाजारातून आणलेला खजूर त्यांनी वाटला. घरच्यांनी नाव पाहिलं ते तेव्हाच.

ही सगळी हकिकत मी आबांकडूनच ऐकली होती. दोन धर्मांच्या दोन मित्रांचं स्मारक म्हणून मला ती फार आवडली होती. फेरीचा शेवट तिथेच करायचं मी ठरवलं.

त्या रविवारी थंडी होती. उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या आणि आम्ही वीस-बावीस माणसं रस्त्याच्या कडेने एकामागोमाग चाललो होतो. चाचांच्या दुकानाशी पोचलो तर बाकड्याच्या पाठीवर एक वाकळ, जाड गोधडी, वाळत घातलेली. नाव पूर्ण झाकलेलं. आबा धुवट टोपी घालून आधीच येऊन उभे होते आणि वाकळीकडे बघून तापलेले होते.

"ये पोरी!" त्यांनी दुकानात हाक मारली. "वाळत घालायला दुसरी जागा न्हाय व्हय तुला? बापाचं नाव झाकती?"

आपा बाहेर आली. "ऊन हितंच येतं आबा."

"ऊन समद्या गावाला येतं. येकट्या ह्या बाकड्याला न्हाय."

"दवानं भिजलीय, वाळू द्या की जरा."

"लोकं बारामतीसनं बघाय आल्यात, आन् तुझी वाकळ बघून जातील!" आबांनी वाकळ ओढली, घडी करून तिच्या हातात दिली आणि आमच्याकडे वळले. "बसा, बसा. टेका आरामात. त्यासाठीच केलंय."

तलाठीकाका पहिल्यांदा बसले. मग शिक्षिका बसल्या. मी चाचांची गोष्ट सांगितली, आबांनी मध्ये मध्ये दुरुस्त्या केल्या, लोक हसले. फोटोसाठी सगळे गोळा झाले. जागा पुरेना, तेव्हा एक इंजिनिअर तरुण बाकड्याच्या पाठीवरच चढून बसला आणि पाय त्याने खाली बसायच्या फळीवर सोडले. आपा चहाचे ग्लास घेऊन आली होती. मी म्हटलं, "आपा, ये की फोटोत." ती म्हणाली, "तुमी घ्या," आणि ट्रे बाकड्यावर न ठेवता जमिनीवर ठेवून आत गेली. मला ते जरा विचित्र वाटलं, एवढंच.

लोक एसटीकडे निघाल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तरीणबाई, तू तिला सांग," ते म्हणाले. मी शिक्षिका झाल्यापासून ते मला दुसऱ्या नावाने हाक मारत नाहीत. "कवा वाकळ, कवा पोती, कवा मोटरीचं खोकं टेकवून ठिवती. रोज काय ना काय त्या नावावर आसतंच. चाचानं हिला हुनर दिला, दुकान दिलं, आन् ही पोरगी बापाचं नाव झाकती. मी बोललो तर म्हातारा किरकिर करतो म्हनंल. तू शिकलेली हायेस. तुझं ऐकंल."

"ती तसं करणार नाही आबा."

"करती! माझ्या डोळ्यानं बघतो. लाज वाटती का काय तिला माझ्या बाकड्याची, देव जाणं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. मला बरं वाटलं नाही. मी चहाचे ग्लास गोळा केले आणि दुकानात गेले.

आपा मोटरीच्या पोटात तार घालत बसली होती. मी आबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तिने हात थांबवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "अब्बांच्या नावात अल्लाचं नाव येतं, ठाऊक हाय ना तुला?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे नाव मी वाचलं होतं, फेरीतल्या छोट्या माइकवर उच्चारलंही होतं, पण त्याचा अर्थ काय हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"आमच्यात ते नाव लिवलेला कागद बी खाली पडू देत न्हाईत," ती म्हणाली. "हितं दिसभर लोकं त्येला पाठ लावून बसत्यात. थुकत्यात, बिडी इझवत्यात. आज तुमचा त्यो पोरगा वरच चढून बसला. त्येची चूक न्हाय. त्येला काय म्हाईत?" तिने तारेचं टोक दातांनी सोललं. "म्हणून झाकती."

"मग आबांना सांगत का नाहीस?"

"काय सांगू? त्यांनी मर्हूम लिवलं. खजूर वाटला. माझ्या सख्ख्या भावानं येवढं केलं न्हाय. आन् मी जाऊन म्हनू, आबा, तुमचं चुकलं?"

"दोन वर्षं हे असंच?"

"रस्ता रुंद व्हनार म्हनत्यात," ती म्हणाली. "तवा बाकडं आपसूक निघंल. तवर वाकळ हाय."

मला हसू आलं आणि तिलाही आलं. मी म्हटलं, रस्त्याचं काय खरं, आज मी फळीवरून नाव काढून टाकायची वेगळी सबब आबांना सांगते. रंग उडालाय, नवी करू, असं काहीतरी. तिने मान हलवली. "खोटं नको. आन् काढून टाकायचं बी नको. अब्बांच्या कबरीवर दगड न्हाय. आमच्याकडं साधी मातीची कबर आसती, वर नाव घालत न्हाईत. अब्बांचं नाव लिवलेली जागा म्हंजी येवढीच." तिने दाराबाहेर हात केला. "जाता-येता माझी पोरं वाचत्यात. ते गेलं तर मग कुठं?"

एवढं बोलून झाल्यावर मला तिची अडचण पूर्ण कळली. नाव तिथे राहणं तिला सोसत नव्हतं आणि नाव जाणंही सोसत नव्हतं. आणि हे ज्याला सांगायचं तो माणूस ती बापाला विसरली असं समजून बाहेर लिंबाखाली उभा होता. मी फेरीत लोकांना सांगते की स्मारक कुणी आणि का उभारलं ते विचारा. ज्याच्या घरचं नाव आहे त्या घराला ते कसं वाटतं, हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. त्या दिवसापासून आहे.

"आबांना तूच सांग," मी म्हटलं. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल तू परक्याकडून निरोप धाडलास. मी सोबत उभी राहते."

ती बराच वेळ हात पुसत राहिली. मग उठली.

आबा अजून तिथेच होते. बाकड्यावर बसले नव्हते, हातातली टोपी झटकत उभे होते. आपा त्यांच्यासमोर गेली आणि रस्ता रुंद व्हायचं तेवढं सोडून जे मला सांगितलं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, खाली बघत सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमी मायेनं केलं, म्हणून बोलले न्हाय."

रस्त्यावरून एक ट्रॉली गेली, तिचा आवाज संपेपर्यंत सगळे उभे राहिलो. मग आबा म्हणाले, "बाकडं बसवलं त्या दिवशीच तुला कळलं व्हतं?"

"व्हय."

"आन् त्या दिवशी मी हितंच व्हतो. खजूर वाटत."

"व्हय आबा."

"मग?" त्यांचा आवाज चढला. "तुझा बाप माझ्या भाकरीला नावं ठेवायचा. चुलीपाशी बसून म्हनायचा, वहिनी, ह्या म्हाताऱ्याला मीठ कमी घाला, लई उड्या मारतो. त्येनं मला कवा काय सांगायचं ठेवलं न्हाय. आन् तू दोन वर्सं वाकळ घालून मला फशिवती? मला काय कळलं नसतं? आमच्या देवाच्या दगडाला कुणी चपलंचा पाय लावला तर मी काठी घिऊन मागं लागतो. आन् तुझं मला कळनार न्हाय? येवढा परका झालो व्हय मी, त्यो गेल्यावर?"

आपाच्या डोळ्यांत पाणी आलं. "परकं न्हाय. परकं आसता तर त्याच दिवशी सांगितलं आसतं."

हे ऐकून आबा थांबले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग म्हणाले, "पाना आण."

"आत्ता?"

"आत्ता न्हाय तर काय रस्ता रुंद झाल्यावर?" म्हणजे आमचं आतलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. निदान त्यातलं थोडं तरी.

बाकड्याची पाठीची फळी मागून बोल्टांनी आवळलेली असते. बोल्ट गंजले होते. आपाने तेल सोडलं, पाना लावला, आबांनी फळी धरली, मी दुसरं टोक धरलं. फळी सुटली तेव्हा आबांनी ती जमिनीवर टेकू दिली नाही. आपाने आतून धुतलेली चादर आणली आणि फळी तिच्यावर, दुकानातल्या टेबलावर ठेवली. मग ती कुठे लावायची यावर खडाजंगी झाली. आबांचं म्हणणं लिंबाला. आपाचं म्हणणं दुकानाच्या दारावर, आत येणाऱ्याच्या डोक्याच्या वर.

"येवढ्या वर? मला दिसनार न्हाय हितनं," आबा म्हणाले.

"चष्मा करा मग नवा."

"बाप तसाच बोलायचा," आबा मला म्हणाले, पण तिला ऐकू जाईल असं.

फळी दारावर लागली. गवंड्याने दोन लोखंडी पट्ट्यांवर ती बसवून दिली. बाकडं आता बिनपाठीचं आहे. एसटीची वाट बघणारे त्यावर बसतात, आणि म्हातारी माणसं पाठ दुखते म्हणून कुरकुर करतात. आबा सगळ्यांत जास्त करतात.

यानंतर सणसरची फेरी मी पुन्हा दोनदा काढली. चाचांच्या दुकानापाशी काय सांगायचं, हे मी आधी दोघांना विचारून घेतलं. आपा म्हणाली, नाव माइकवर घेऊ नको, बाकी सांग. आबा म्हणाले, "समदं सांग. चूक माझी हाय, झाकायची कशाला? वाकळीनं?" मग मला सांगू न देता त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. तलाठीकाका त्यांच्या शेजारी पंचासारखे उभे होते. आबांनी बाकडं कसं केलं, मर्हूम कसं लिहून घेतलं, हे तपशिलात सांगितलं. फळी काढण्याचा प्रसंग आला तेव्हा म्हणाले, "मग माझ्याच ध्यानात आलं, म्हटलं हे बरं न्हाय, काढा ही फळी."

दुकानातून मोटर चालू केल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"तुमच्या न्हाय आबा, माझ्या ध्यानात आलं," आपा आतून मोठ्याने म्हणाली. "तुमी लोकांस्नी टेका, टेका म्हनत व्हता."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी दाराकडे तोंड करून ओरडून विचारलं, "सांगतंय कोन, मी का तू?"

"तुमीच सांगा. पर खरं सांगा."

"बरं," आबा लोकांकडे वळले. "तिच्या ध्यानात आलं. फळी मी काढली."

"बोल्ट मी काढलं."

"व्हय बाई, बोल्ट तू काढलं," आबा म्हणाले, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.